बैठकीत मेलेला नवरा

सन दोन हजार पंचवीस, माझं वय बहात्तर, आणि तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मला कळलं की तू मला चार वर्षांपूर्वीच मारून टाकलं होतंस.

इंदू, तुझ्या दुखण्याचं इथं काही लिहीत नाही. कोण आलं, कोण आलं नाही, कावळा किती वेळानं शिवला, ते सगळं लताला पाठ आहे. मी चौथी शिकलेला माणूस, मला लिहिण्याची हौस नाही. मी भांडायला बसलोय. समोर असतीस तर एका वाक्यात मिटलं असतं. किंवा नसतंही मिटलं. आपलं कुठं काय मिटत होतं?

पाहुणे सकाळी गेले होते. लता मागं भांडी लावत होती. दुपारी दोन माणसं आली. एक साठीच्या बाई, केस बारीक कापलेले, हातात कापडी पिशवी. दुसरा मुसलमान माणूस, माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान, नखांत गॅरेजचं काळं. बाई म्हणाल्या, "मी मंदाताई, निगडीहून आले. हे इस्माईलभाई. इंदूताई आमच्याकडं दर शनिवारी यायच्या. तीन शनिवार आल्या नाहीत म्हणून फोन केला, तर तुमच्या मुलीनं उचलला."

मी म्हटलं, "व्हय व्हय, बैठकीला यायची."

आणि छाती थोडी पुढं काढली. कारण चार वर्षं दर शनिवारी तू डोक्याला तेल चोपडून, धुतलेलं पातळ नेसून निघायचीस आणि म्हणायचीस, "बैठकीला जाऊन येते." बैठक म्हटल्यावर आपल्याकडं माणूस काय समजतो? निरूपण, श्रवण, रांगेत बसलेल्या बायका, दोन चांगले विचार. मीही तेच समजलो. पिंपळे गुरवला आपल्या गल्लीत मी सगळ्यांना सांगत फिरलो, आमची मंडळी बैठकीला जाते म्हणून. शेजारच्या गायकवाडाला तर वर ऐकवलं, तुझ्या बायकोला पण लाव, घरातली कटकट कमी होईल.

मंदाताई म्हणाल्या, "तसली बैठक नाही हो. ज्यांच्या घरातलं कुणी गेलंय असे आम्ही आठ-दहा जण एकत्र बसतो. बोलतो. ज्याला बोलायचं नाही तो नुसता बसतो."

इस्माईलभाईनं चहाचा कप घेतला, माझ्याकडं बघितलं आणि अदबीनं विचारलं, "तुम्ही ताईंचे मोठे भाऊ काय?"

"मी नवरा."

कप बशीवर वाजला. मंदाताईंनी लताकडं बघितलं. लता माझ्याकडं बघायला लागली.

"सख्खा?" इस्माईलभाईच्या तोंडून गेलं.

"नवऱ्यात सख्खा-चुलत असतंय का?"

"नाही, माफ करा भाऊ, पण तुम्ही तर..."

"बोला की."

"तुम्ही तर वारलात. मुलाबरोबरच. आम्ही तुमच्यासाठी दोन मिनिटं उभे राहिलो होतो."

"दर वर्षी," मंदाताई हळूच म्हणाल्या.

तेव्हा लता हसली. तेरा दिवस रडलेली पोरगी पदर तोंडाला लावून असं हसली की तिला खाली बसावं लागलं. मला काही हसू आलं नाही. म्हणजे, आज येतं थोडं.

मग कळलं ते असं. पहिल्या शनिवारी तुला विचारलं, कोण गेलं? तू म्हणालीस, "पोरगा गेला. त्याच दिवशी त्याचा बाप बी गेला." एवढं म्हणून तू रडायला लागलीस. त्यांनी तुला पाणी दिलं. त्यांच्यात नियम आहे की खोदून विचारायचं नाही. त्यामुळं कुणी विचारलंच नाही. गळ्यात मंगळसूत्र दिसायचं, कपाळाला कुंकू दिसायचं, तर ते आपसांत म्हणायचे, ताई शिकलेल्या नाहीत पण विचारानं किती पुढं आहेत, नवऱ्यामागं कुंकू पुसलं नाही.

अगं, तुला मी हिरवं पातळ नेसवून, ओटी भरून, अहेव पाठवली. सगळ्या बायका म्हणाल्या, नशिबाची. आणि निगडीत तू चार वर्षं विधवा.

मी लताला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"बैठकीचं ठाऊक होतं, आबा. तुम्ही मेलाय हे नव्हतं ठाऊक."

म्हणजे ती पण तुझ्या बाजूची.

त्या दोघांना फार वाईट वाटलं. मग ते सावरायला म्हणून तुझ्या मेलेल्या नवऱ्याचं कौतुक सांगायला लागले, जसं काही मी त्याचा कुणी पाहुणा आहे. मंदाताई म्हणाल्या, ताई सांगायच्या, आमचे हे पोराला खांद्यावर घेऊन देहूला न्यायचे, नदीच्या काठावर पालथे पडून माशांना चुरमुरे टाकायचे, आणि पोरापेक्षा ह्यांनाच जास्त मजा यायची. इस्माईलभाई म्हणाला, "आणि ती जिलेबी! पगाराच्या दिवशी जिलेबी आणायचे आणि म्हणायचे, रस्त्यात पडली होती, उचलून आणली. ताई ते सांगताना कसल्या हसायच्या."

इंदू, तू त्या माणसाबद्दल सांगताना हसायचीस म्हणे. माझ्यासमोर चार वर्षांत तू हसलेली मला आठवत नाही. तो माणूस कोण, हे मला माहीत आहे. तो मीच आहे. तरी खरं सांगतो, मला त्याचा इतका हेवा वाटला की तो समोर असता तर मी त्याची गचांडी धरली असती. त्याच्या वाट्याला तुझं हसणं आणि माझ्या वाट्याला ताटात पडणारी भाकरी आणि "अजून वाढू का?"

आणि हा इस्माईल. गॅरेजवाला. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. त्याला भाकरी येत नव्हती, तर तू त्याला बैठकीनंतर मंदाताईंच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायला शिकवलीस. तो सांगत होता, "पीठ मळताना मला रडू यायचं, तर ताई म्हणाल्या, रडायचं असंल तर पाणी कमी घाला भाऊ, न्हाईतर भाकरी मोडंल." ते सांगताना त्याचे डोळे भरले आणि माझे कान तापले. पन्नास वर्षं तुझी भाकरी मी खाल्ली. असला विनोद मला एकदा तरी केलास का? मला कधी पिठाला हात लावू दिलास का? परक्या माणसाला शिकवलंस आणि मला आता लता डबा आणून देते, चाकणहून, दोन दिवसांतून एकदा.

मी विचारलं, "आणि पोराचं काय सांगायची?"

मंदाताई म्हणाल्या, "तिथलं बोलणं तिथंच राहतं. तुम्ही या ना शनिवारी. बसा. तुमचं सांगा, आमचं ऐका."

मी म्हटलं, "माझ्या बायकोचं बोलणं तुमच्याकडं, आणि ते मागायला मी तुमच्या दारात यायचं? असलं होणार नाही." त्यांनी नमस्कार केला आणि गेले.

मी रागावलो होतो हे खरं, पण तू ओळखलं असशील. मी भ्यालो होतो. तू त्यांना काय सांगितलं असशील, ते मला दिसत होतं.

पोरगा गेला त्या सकाळी तू ओट्यापाशी होतीस. आपण त्यावर कधी बोललो नाही, आज मी बोलतो. संतोष उठला तेव्हा त्याचं अंग तापलेलं होतं. तो म्हणाला, आज नाही जात. कायम व्हायला त्याचे दोन महिने राहिले होते. मी माझ्या जुन्या साहेबाच्या दाराला चार खेपा घालून त्याला चाकणला चिकटवला होता. तेहतीस वर्षांच्या नोकरीत माझे खाडे हाताच्या बोटांवर. कंपनीनं मला त्यासाठी स्टेजवर बोलावून घड्याळ दिलं होतं. मला खाडा हा शब्द शिवीसारखा लागतो. मी त्याला म्हटलं, "एवढ्याशा तापाला खाडा? कंपनी काय तुझ्या बापाची हाय?"

तो बूट घालत म्हणाला, "बापाची न्हाई, पण बापानं लावलीय." आणि हसला.

मोशीच्या पुढं टेम्पोनं त्याच्या गाडीला मागनं धडक दिली. शिफ्ट सुरू व्हायच्या आत.

त्यानंतर तू एक शब्द मला बोलली नाहीस. मी वाट बघत होतो, की आज बोलेल, उद्या बोलेल. ओरडली असतीस तर मी पण ओरडलो असतो आणि काहीतरी वाट निघाली असती. तू फक्त एकदा म्हणालीस, "त्याचा फोटो लावू या भिंतीला." मी म्हटलं, "भिंतीला खिळा ठोकायचा न्हाई." तू म्हणालीस, "मग ठेवू कुठं त्याला?" त्याला मी उत्तर दिलं नाही. घरात त्याचं नाव मी बंद केलं. लता राखीपौर्णिमेला आली आणि तिच्या तोंडून भावाचं नाव निघालं तर मी जेवणावरून उठलो. तू सगळं बघितलंस, आणि पुढच्या शनिवारी तेल लावून बैठकीला गेलीस.

म्हणून मला वाटत होतं की निगडीच्या त्या खोलीत माझ्या नावाचा पंचनामा झालेला आहे. सगळ्यांना ठाऊक आहे, ह्या म्हाताऱ्यानं पोराला ढकलून पाठवला. आणि तरी ते दर वर्षी माझ्यासाठी दोन मिनिटं उभे राहायचे, ते कसं, हे कोडं सुटेना.

पहिल्या शनिवारी मी गेलो नाही. दुसऱ्या शनिवारी निगडीच्या बसमध्ये बसलो. तिथल्या प्राधिकरण वसाहतीत मंदाताईंचा बंगला सापडायला अर्धा तास गेला, सगळे बंगले सारखे. समोर झाडाखाली उभा राहिलो. लोक येत होते, चपला काढून आत जात होते. एक पोरगी कानातली वायर काढत आली. एक सुटाबुटातला माणूस आला, मोठ्या गाडीतून. म्हटलं, ह्यांच्यात माझी इंदू बसायची? ह्यांच्याशी बोलायची? मी गेटपर्यंत गेलो आणि परत फिरलो. घरी येऊन लताला फोनवर सांगितलं, बंद होतं आज.

तिसऱ्या शनिवारी इस्माईल गेटपाशीच उभा होता. म्हणाला, "मागच्या वेळी पण बघितलं तुम्हाला, भाऊ. हाक मारली नाही. मी स्वतः पाच शनिवार बाहेरूनच गेलो होतो. चला, चहा तरी घ्या."

मी म्हटलं, "मी फक्त बसणार. बोलणार न्हाई."

"मग बसा की. कोण तुमचा खाडा मांडतंय?"

त्याला काय माहीत त्यानं कुठला शब्द उच्चारला ते.

आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. पाण्याचा जार. मंदाताईंनी सगळ्यांना सांगितलं, हे इंदूताईंचे यजमान. एकदम सगळे माझ्याकडं बघायला लागले, जसं तिरडीवरून उठून आलोय. सुटाबुटातला माणूस उठून उभा राहिला आणि त्यानं माझा हात धरला. म्हणाला, "बरं वाटलं तुम्हाला बघून." मी म्हटलं, "मला बी."

त्यांची रीत अशी की आधी आपलं नाव सांगायचं, मग आपल्या गेलेल्या माणसाचं. माझ्यावर पाळी आली. मी माझं नाव सांगितलं. मग म्हटलं, "इंदू." तुझं नाव चारचौघांत असं घेतलं ते लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच. संतोषचं नाव घेतलं नाही. कुणी विचारलं नाही.

मग मंदाताई म्हणाल्या, आज सगळे इंदूताईंबद्दल बोलू. आणि एकेक जण तुला बाहेर काढायला लागला. ती वायरवाली पोरगी म्हणाली, आईच्या नंतर मला केस विंचरून कुणी दिले नव्हते, ताईंनी दिले. सुटाबुटातला म्हणाला, मी पहिल्या दिवशी इंग्रजीतून बोलत होतो, तर ताई म्हणाल्या, दादा, रडायचं मराठीत असतंय. सगळे हसले. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. मनात म्हणत होतो, ही माझी आहे, हे मला द्या, ह्यातलं काहीही तुमचं नाही. एवढी इंदू होती आणि तू मला तिच्यातली पावशेरसुद्धा दाखवली नाहीस.

शेवटी इस्माईल बोलला. आधी त्यानं मंदाताईंकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाला, "भाऊ आता आपल्यातलेच झाले, तर सांगतो. ताईंच्या मनाला एकच टोचणी होती. म्हणायच्या, पोराच्या अंगाला मी हात लावून बघितला, गरम होतं, तरी मी त्याचा डबा भरला. मी नको जाऊ म्हटलं असतं तर तो थांबला असता. बापाचं त्यानं कधी ऐकलं न्हाई, पण माझा शब्द मोडला नसता. मीच घालवला त्याला. आम्ही लई समजावलं. पण नाही. शेवटपर्यंत तेच. फक्त लेकीला सांगितलंय म्हणाल्या, आणि इथं."

इंदू, मी वाट बघत होतो. मला वाटलं, आता पुढं येईल, 'आणि त्याचा बाप म्हणाला'. पुढं काही आलं नाही. तू ते सांगितलंच नव्हतंस. चार वर्षांत एकदाही नाही.

आणि मग मला जे झालं ते मी लपवत नाही. मला आधी दुःख झालं नाही. आधी राग आला. जळफळाट झाला. सगळं तर तू घेऊन गेलीस, पोराचं बोलणं, हसणं, आणि आता हे पण? मी उभा राहिलो आणि म्हटलं, "खोटं हाय हे."

मंदाताई म्हणाल्या, "बसून बोला, आबा."

"बसत न्हाई. ती खोटं बोलली. बापाचं ऐकलं न्हाई म्हणे! त्या दिवशी ऐकलं की. माझंच ऐकून गेला तो. मी म्हटलं त्याला, खाडा करू नको. ती कोण लागून गेली? डबा तर ती रोजच भरायची. त्याला पाठवला मी. संतोषला मी पाठवला."

नाव निघून गेलं तोंडातनं. त्यांच्यात कुणी लगेच समजावत नाही, हे बरं आहे. इस्माईलनं माझी खुर्ची मागनं सरकवून माझ्या गुडघ्याला लावली, तेव्हा मी बसलो. मग मी बोललो ते सगळं बोललो. कंपनी, घड्याळ, बूट, "बापानं लावलीय" हे त्याचं हसणं, खिळा. किती वेळ बोललो माहीत नाही. ती पोरगी माझ्या शेजारी येऊन बसली होती. पाण्याचा पेला माझ्या हातात कुणी दिला ते कळलं नाही.

निघताना मी मंदाताईंना विचारलं, "ती मला मेलेला का म्हणाली? चुकून बोलली असंल, तर मग सुधारलं का न्हाई?"

त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. पण तुम्ही जिवंत आहात हे आम्हाला ठाऊक असतं, तर आम्ही एक ना एक दिवस विचारलं असतं, मुलाचे वडील काय म्हणतात?"

बसमध्ये मी हेच चघळत बसलो. तर हे होतं. माझ्याबद्दल कुणी विचारू नये म्हणून तू मला वर पाठवलंस आणि माझं ओझं तुझ्या डब्यात भरून घेतलंस. उपकार केलेस. मी मानतो. पण इंदू, विचारायला पाहिजे होतंस. ते माझं होतं. नवऱ्याची वस्तू न विचारता बाहेर नेऊन वाटत नाहीत. मी कोडगा आहे, मी हट्टी आहे, पण जे माझं ते मी उचललं असतं. उशिरा उचललं असतं. तुला चार वर्षं तेवढी वाट बघवली नाही का?

का मीच तुला बघायला लावली? आता हे कोण मिटवणार?

आणि असंही वाटतं, की एखाद्या शनिवारी तू मला नुसतं म्हणाली असतीस, चला की बरोबर, तर मी नाहीच म्हटलं असतं. ते पण तुला ठाऊक होतं. सगळं तुला ठाऊक, हाच तुझा त्रास होता.

घरी आलो, भात टाकला. जेवताना एक गोष्ट ध्यानात आली. लेकीला सांगितलंय म्हणाल्या. म्हणजे लता चार वर्षं समजून आहे की आईनं डबा भरला म्हणून भाऊ गेला. तेराव्याला ती सगळ्यांची ताटं वाढत होती तेव्हासुद्धा तिच्या मनात ते असणार. तू तर सुटलीस. ती अजून तुझ्यावर ते धरून बसलेली असेल, किंवा धरू नये म्हणून झगडत असेल. आणि त्यात तुझा काडीचा दोष नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी चाकणला गेलो. भोसरीला बस बदलली. मोशीच्या पुढं त्या जागेवरनं जाताना एरवी मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघतो. ह्या वेळी त्याच बाजूला बसलो. रस्ता आहे, दुसरं तिथं काही नाही.

लता पोहे करत होती. मला दारात बघून घाबरली. "आबा? एवढ्या सकाळी? काय झालं?"

"काही झालं न्हाई."

जावई पेपर उचलून आतल्या खोलीत निघाला. मी त्याला म्हटलं, "तू पण बस." तो बसला.

मी लताला म्हटलं, "तुला आईनं डब्याचं सांगितलंय ना, ते अर्धं हाय. अर्धं बी न्हाई. त्या सकाळी संतोषला ताप होता."

त्याचं नाव माझ्या तोंडून ऐकलं तशी तिनं माझ्याकडं बघितलं. मग गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर खाली बसली.

"सांगा," ती म्हणाली.

मी सांगायला सुरुवात केली.